कार्बोरेटरची निर्दोष मुक्तता

तमाम लोकांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, पांढरकवडा येथील श्री. गुलाबराव डंभारे यांच्या मालकीच्या ‘भुरी’ नामक जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरवर वर्षानुवर्षे जे आरोप करण्यात आले, ते सर्व खोटे व बिनबुडाचे होते. आरोपीच्या तोंडात सदैव पेट्रोल असल्यामुळे त्याला उत्तर देता येत नसे, याचा सर्वांनी गैरफायदा घेतला. सबब, सदर कार्बोरेटरची सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे. खरा गुन्हेगार कोण, ते शेवटी कळेल. मी पेशाने वकील असूनही मला शेवटीच कळलं.

मी नुकतीच वकिली सुरू केली होती आणि गुलाबरावांच्या घरासमोर खोली घेतली होती. पहिल्याच सकाळी अंगणातून किक मारल्याचा आवाज आला. मग दुसरी किक, मग तिसरी, मग कोणाच्या तरी खानदानाचा उद्धार. बाहेर येऊन पाहतो तर पांढरा पायजमा, पांढरा सदरा, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातलेले एक गृहस्थ उकिडवे बसून मोटारसायकलच्या इंजिनाला कान लावत होते. त्यासाठी त्यांनी एका कानातला बोळा काढला होता. मी नमस्कार केला. त्यांनी बोळा परत कानात घातला आणि म्हणाले, “बोला.”

पुढे कळलं की ही त्यांची नेहमीची रीत. थंडी असो की ऊन, गाडीवर बसायचं तर कानात बोळे हवेतच, वारं लागू नये म्हणून. बोळे घरच्या शेतातल्या कापसाचे. ते निघायचे फक्त गाडीचं ऐकायला. माणसांसाठी नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “मानसं काय बोलतीन ते मले मालूम असते जी. गाडी काय बोलंन ते नसते.”

गुलाबराव पंचायत समितीच्या कचेरीतून रिटायर झालेले. शेती मुकुटबनच्या वाटेवर, कापूस आणि तुरीची, मधोमध एक विहीर. पण खरी इस्टेट म्हणजे भुरी. कुण्या कंत्राटदाराकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली होती, तेव्हाही ती नवी नव्हती. मूळचा रंग कोणता हे गुलाबरावांनाही आठवत नसे. धुळीने आणि वयाने ती राखी झाली आणि गोठ्यातल्या म्हशीचं नाव तिला मिळालं. म्हैस पुढे विकली, नाव राहिलं.

भुरी बंद पडली की गुलाबरावांच्या चेहऱ्यावर तेज चढे. “पयले पेट्रोल, मंग ठिणगी, मंग हवा,” ते एकेक बोट दुमडत सांगत. “या तिघायच्या पल्याड गाडीत काईच नसते. मानसातबी नसते.” मग प्लग निघे. तो डोळ्याजवळ धरून ते निकाल देत, “काळा पडला म्हंजे खाऊन खाऊन माजली. पांढरा पडला म्हंजे उपाशी हाय. शेंगदाण्याच्या फोलावानी दिसला, का समजा संसार सुखाचा चालू हाय.”

हीच परीक्षा ते माणसांनाही लावत. कोर्टात माझ्याविरुद्ध उभे राहणारे एक मोठे वकील होते. त्यांचं भाषण एकदा ऐकून गुलाबराव बाहेर आले आणि म्हणाले, “याचं मिक्श्चर लय घट्ट हाय. धूर जास्त, पिकप कमी.” माझ्याबद्दल मी विचारलं नाही. तरी ते बोललेच, “तुमचा जेट चोकप हाय, भोकच बुजलं हाय. सकाऊन बोलतच नाई. दुपारून मंग थांबतच नाई.”

कितीही तपासलं तरी शेवटी दोष यायचा तो कार्बोरेटरवर. प्लग साफ, ठिणगी चांगली, तरी गाडी अडली की गुलाबराव मान हलवत, “कार्बोरेटर! हा मानूसच बरोबर नाई.” मग तो ‘माणूस’ उघडला जाई, त्याचे पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे जेट, सुई आणि आतला तरंगणारा फ्लोट असे अवयव परातीत मांडले जात. परात अर्थातच इंदूकाकूंची, कणीक मळायची.

इंदूकाकू म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्या जे बोलत ते अंगणापर्यंत नीट पोचत असे. “आज पोळ्याईले पेट्रोलचा वास येईन. कोनाले उपाशी राहाचं असंन त आत्ताच सांगा!” भुरीला त्या सवत म्हणत. “माया आजारपनात या मानसानं कधी माया छातीले कान नाई लावला. हिले मात्र रोज सकाळी लावते!”

“तू बंद पडत नाई ना अवं,” गुलाबराव खालूनच म्हणत. “तुवा आवाज त चालूच असते.”

एकदा पावसाळ्यात आम्ही दोघे भुरीवरून शेताकडे निघालो. गाव सुटलं नाही तोच भुरी अडखळली, दोन आचके दिले आणि थांबली. गुलाबरावांनी टाकीचं झाकण उघडलं. ‘फुस्स’ असा आवाज आला. आत पाहिलं, पेट्रोल काठोकाठ. झाकण लावलं, किक मारली, भुरी चालू. थोडं पुढे गेलो, परत आचके, परत बंद. परत झाकण, परत फुस्स, परत चालू. असं करत करत आम्ही अर्धा रस्ता कापला.

“काय मागून राह्यली ही?” गुलाबराव हैराण. “दर खेपी टाकीत पाह्यलं का चालते. हिले काय दर्शन पाह्यजे?”

मी वकिली सल्ला दिला, “झाकण उघडंच ठेवून चालवा.”

“न् पानी आत गेलं म्हंजे? तुमच्या बापाची टाकी हाय?”

पळसाच्या झाडाखाली कार्बोरेटर उघडला. माझ्या रुमालावर अवयव मांडले, जेटात फुंकर मारली, जेटामधून आभाळ पाहिलं. सगळं लख्ख. शेवटी तसेच दर्शन घेत घेत घरी आलो. अंगणात त्यांनी पुन्हा झाकण उघडलं, आणि या खेपेला टाकीत पाहण्याऐवजी हातातल्या झाकणाकडे पाहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक बारीक भोक असतं. टाकीतलं पेट्रोल जसजसं खाली उतरतं, तसतशी त्या भोकातून बाहेरची हवा आत शिरते. ती शिरली नाही तर पेट्रोल उतरायचं थांबतं आणि गाडी उपाशी मरते. त्या भोकात एक काळपट, भिजलेला बोळा गच्च बसला होता.

गुलाबरावांनी तो नखानं ओढून काढला. मग हळूच म्हणाले, “पावसाचं पानी आत जाऊ नाही म्हनून म्याच घातलता. आठ रोज झाले असतीन. इसरूनच गेलतो.”

काकू दारातून सगळं ऐकत होत्या. “स्वतःच्या कानात बोळे घालता ते पुरलं नाई काय? तिच्याई कानात घातले!” आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना उंबरठ्यावर बसावं लागलं. पण हसून झाल्यावर त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं. हवा कुठून जाते, किती वेळानं बंद पडते. गुलाबरावांना असा श्रोता घरात कधी मिळालाच नव्हता. त्यांनी साग्रसंगीत समजावलं, “टाकी अर्धी रिकामी असली का दूर जाते. काठोकाठ भरली असली का लवकर मरते, कावून का आत हवाच नसते.” काकू म्हणाल्या, “बाप्पा! मले काय कराचं हाय जी, मी आपली विचारून राह्यली.”

नंतर ती वाईट वर्षं आली. कापूस पिकला तेव्हा भाव नव्हता, आणि भाव आला तेव्हा बोंडांत अळी होती. पांढरकवड्याच्या टपरीवर माणसं चहा पुढ्यात घेऊन बसत आणि चहा तसाच गार होई. गुलाबरावांचा कापूस गेला. उरली तूर, आणि नेमकी तेव्हाच विहिरीवरची मोटर जळाली. तुरीला फुलं धरली होती. पाणी मिळालं असतं तर वर्ष निभावलं असतं. पाणी विहिरीत होतं, फक्त वर येत नव्हतं.

गुलाबरावांनी दोन दिवस कानातले बोळे काढले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “वकीलसाहेब, नागपूरचा एक गिऱ्हाईक हाय, जुन्या गाड्या जमा करते म्हंते. बलावून घ्या. मोटर आनतो. भुरीनं आतापावेतर मले वाहिलं, आता तुरीले पानी पाजंन.”

एवढं बोलून ते अंगणात गेले आणि भुरीला फडक्यानं पुसत बसले. पुसता पुसता फडकं तिच्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर जास्त फिरत होतं. मी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

नवल वाटलं ते काकूंचं. आयुष्यभर जी गाडी घराबाहेर जावी म्हणून त्यांनी नवस बोलायचा बाकी ठेवला होता, ती जायच्या दिवशी त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, “लेकीले रिकाम्या पोटी नाई पाठवत. टाकी भरून आना.” गुलाबरावांनी आणली. गिऱ्हाईक आलं. काळा चष्मा, चामड्याचं जाकीट, तेही भर उन्हात. काकूंनी सगळ्यांना घरात चहाला बसवलं आणि स्वतः हळदकुंकवाचं ताट घेऊन अंगणात गेल्या. म्हणाल्या, “मले एकटीलेच तिची ओटी भरू द्या.” आम्ही माना खाली घालून चहा प्यालो.

मग गिऱ्हाईक भुरीवर बसलं, मागे गुलाबराव, आणि मी माझ्या स्कूटरवर मागोमाग. गाडी चालवून पाहायला घाटंजीच्या रस्त्यानं निघालो. भुरी अशी पळत होती की मला वाटलं, सौदा झालाच. आणि पहिल्या वळणावरच आचका, दुसरा आचका, बंद.

गुलाबराव उतरले. एका कानातला बोळा काढून इंजिनाला कान लावला. झाकण उघडलं. फुस्स. त्यांनी टाकीत पाहिलं नाही, सरळ झाकणात पाहिलं. मी शेजारीच होतो. भोकात एक बोळा होता. शुभ्र. देवाच्या वातीला घेतात तसला निवडलेला कापूस.

त्यांची नखं बोळ्यापर्यंत गेली. एक चिमूट ओढली की भुरी विकली जाणार, मोटर येणार, तूर वाचणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, अरे, बोळा यांनीच घातला आणि आता मला गप्प राहायला सांगताहेत! मी डोळा मारला. त्यांनीही मारला. आणि झाकण जसंच्या तसं लावून टाकलं.

“काय झालं?” गिऱ्हाईकानं विचारलं.

“कार्बोरेटर,” गुलाबराव म्हणाले, इतक्या खोल दुःखानं की मलाच रडू यावं. “हा मानूस पयल्यापासूनच बरोबर नाई.”

त्यांनी रस्त्याकडेला धोतराचा जुना तुकडा पसरला आणि माझ्या आयुष्यात पाहिलेला सर्वोत्तम प्रयोग सादर केला. जेट काढला, हुंगला, उन्हात धरला, “अरेरे” म्हणाले. सुई गिऱ्हाईकाच्या हातात दिली आणि म्हणाले, “हे धरून ठेवा, हालवू नका, रुसते.” ते गृहस्थ भर उन्हात सुई धरून पुतळ्यासारखे उभे. सगळं परत जोडलं. भुरी चालू झाली. पुढच्या वळणावर मेली. परत धोतर, परत सुई. त्यानंतर गिऱ्हाईकानं चष्मा काढला, घाम पुसला आणि हात जोडले, “काकाजी, ये गाडी आपही रखो. आपके बिना ये नहीं चलेगी.”

“वोही तो बात है,” गुलाबराव म्हणाले, आणि हे त्या दिवशीचं त्यांचं पहिलं खरं वाक्य होतं.

परतताना दोघांपैकी कोणीच बोळ्याचा विषय काढला नाही. तुरीचं काय, हा प्रश्न मात्र दोघांच्याही तोंडावर होता. घरी आलो तर काकू म्हणाल्या, “आले काय परत? बरं झालं. घाटंजीवरून माया दादाचा निरोप हाय. त्याची जुनी मोटर पडून हाय म्हंते, ट्रकात टाकून पाठवते उद्या.” मोटर आली, त्यांनी ती एका दुपारी दुरुस्त केली आणि तूर वाचली. काकूंना भाऊ नेमका त्याच दिवशी कसा आठवला, हे विचारायचं एका वकिलाला आणि एका निष्णात मेकॅनिकला, दोघांनाही सुचलं नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं भुरी चालली, आणि गुलाबरावही. एका हिवाळ्यात सकाळी त्यांनी कानात बोळे घातले, पायऱ्यांवर उन्हात बसले, आणि तसेच बसून राहिले. भुरी अंगणातच उभी होती. त्या दिवशी तिला किक मारायचं धाडस कोणी केलं नाही.

तेराव्याला घर भरलं होतं. बोलणं हळूहळू त्यांच्या गमतींवर आलं, कोणीतरी नागपूरच्या गिऱ्हाईकाची आठवण काढली. मी घसा साफ केला आणि जाहीर केलं, “आज एक गुपित फोडतो. त्या दिवशी कार्बोरेटर बिलकूल निर्दोष होता. टाकीच्या झाकणात कापसाचा बोळा होता, आणि तो खुद्द गुलाबरावांनीच घातला होता!”

त्यांचा पुतण्या माझ्याकडे पाहतच राहिला. “काय सांगता जी? काकाजी त मरेस्तोवर सांगत, का तो बोळा वकिलानं घातलता. म्हनत, ‘माया जिवासाठी लेकरानं केलं, म्हनून मीबी चूप राह्यलो.’”

“मी? मी तर हातही लावला नाही!”

सगळ्यांचे डोळे हळूहळू देवघराच्या दाराकडे वळले. इंदूकाकू तिथे खाली मान घालून समईसाठी वाती वळत बसल्या होत्या. मांडीवर पांढराशुभ्र कापूस. त्यांचे हात थांबले. पदर तोंडाला लावला, मग काढला, आणि भरल्या घरात, भरल्या डोळ्यांनी त्या एकदम ओरडल्या:

“म्या घातलता बोळा, म्या! ते गाडी गेली असती न्, त हा मानूस दिवसभर मायाच छातीले कान लावून बसला असता!”