दामाजीकाकांचा उपास

आमचे दामाजीकाका आयुष्यात एकदाही चुकले नाहीत. दिवा गावच्या खाडीकाठी सत्तर वर्षं काढली, गावकीचे तंटे सोडवले, आणि प्रत्येक तंट्यात चूक समोरच्याची निघाली. गेल्या वर्षी आतडं फुटलं तेव्हाही दोष डॉक्टरचा. स्वतः तीन दिवस ओवा चावत बसले होते, ते कुणी बोलायचं नाही.

ऑपरेशनने जीव वाचला, पण शौचाची वाट पोटावर काढून तिथे पिशवी लावली. साऱ्या गावाच्या घरात नाक खुपसणारा हा माणूस आठ महिने उंबऱ्याबाहेर पडला नाही. त्यात नातीची, दक्षताची, हळद दीड महिन्यावर आली. हळदीत पिशवी घेऊन बसण्यापेक्षा मेलेलं बरं, असं ते दिवसातून चारदा म्हणत.

आतडं पुन्हा जोडायचं तर आधी तपासण्या. रक्त झालं, कार्डिओग्राम झाला. खालून औषध सोडून एक्स-रे काढताना काकांनी टेक्निशियनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उरली आतड्यात दुर्बीण घालून करायची तपासणी. ती गुंगी देऊन करायची, म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंबही नको, असं नर्सने आम्हाला दोनदा बजावलं.

पण ‘रिकाम्या पोटी होरी सोराची नाय’, उपाशीपोटी होडी सोडायची नाही, हा काकांच्या घरचा कायदा. निघण्याआधी त्यांनी सगुणाकाकूकडून निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण फडक्यातून गाळून घेतलं आणि पेलाभर प्यायले. म्हणे, “गालला म्हनजे पानीच ना?” पाणीही नको होतं, हे त्यांच्या लेखी नर्सचं अज्ञान.

हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “काही खाल्लं-प्यायलं का? खरं सांगा. गुंगीत पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल.”

“थेंब नाय. विचारा हिला,” काका म्हणाले.

पन्नास वर्षं काकूने अशा वेळी मान डोलावली होती. मला वाटलं, आताही डोलावेल. पेला मीही पाहिला होता, तरी माझी नजर हातातल्या फाइलीत, लाज वाटते सांगायला.

“पिलेत,” काकू म्हणाली. “निवट्यांचा कालवन. मीच गालला.”

दुर्बीण रद्द. पुढची तारीख हळदीनंतरची मिळाली. काका काकूवर कॉरिडॉरभर ओरडले, “बाय, माजी तारीख घालवलीस!”

“घालवली. पिशवीवाला नवरा हलदीत चालंल मना. हार घातलेला फोटू नको.”

हळदीला काका आले. पहिल्या रांगेत बसले, सैल शर्टाखाली पिशवी, आणि येईल त्याला सांगू लागले, “डॉक्टरनी तारीख चुकवली.”

शेजारी काकू बसली होती. दर वेळी ती शांतपणे म्हणाली, “नाय. यांनी कालवन पिला.”