लाल वायरची गाठ

आमच्या घरावरचं सोलर आम्ही दोघा नवराबायकोनंच बसवलं. हे आर्णीत तीस वर्षं पंपाच्या मोटारी भरतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतात. आजूबाजूच्या शिवारातली जळालेली मोटार शेवटी यांच्याच दुकानात येते. मागच्या वर्षी यवतमाळला जाऊन सोलरचं काम शिकून आले. आधी आपल्या छतावर बसवू, लोक बघतील, मग कामं येतील, असं त्यांचं म्हणणं. एका शेतकऱ्यानं तर आपल्या घराचं काम आधीच यांना सांगून ठेवलं होतं.

मदतीला माणूस घ्या म्हटलं तर ऐकेनात. तूच चल वर, म्हणाले. या वयात मला गच्चीवर चढवताय, लग्नात हे कबूल केलं नव्हतं, असं मी ऐकवलं आणि पदर खोचून गेले. खरं तर मला बरंच वाटलं, यांच्यावर लक्ष तरी राहील. वर्षभर हा माणूस माझ्यापासून काहीतरी लपवत होता. चहा कपाबाहेर ओतायचा, पेपर उघडून बसायचा आणि पान उलटायचा नाही. विचारलं की म्हणायचे, चष्मा बदलायचा आहे. चष्मा काही बदलत नव्हते. यांची नजर गेली तर दुकानही गेलं, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि म्हणूनच दोघंही तो विषय काढत नव्हतो.

छतावर मात्र माझा जीव भांड्यात पडला. सांगाड्याचे नट-बोल्ट हे हाताकडे न बघता आवळत होते आणि एकही वाकडा बसला नाही. मी उगाच घाबरते, असं मी स्वतःला समजावलं.

मग वायरी आल्या. पॅनलपासून जिन्याखालच्या इन्व्हर्टरपर्यंत दोन न्यायच्या होत्या, लाल आणि काळी. लाल म्हणजे प्लस. यांनी लालच्या टोकाला गाठ मारली आणि दोन्ही वायरी पाइपातून खाली सोडायला माझ्या हाती दिल्या. गाठ पाइपाच्या वळणावर अडकली. मी ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं, शेवटी वैतागून गाठच सोडवून टाकली. लाल ती लालच दिसते, तिला गाठ कशाला? यांना सांगायचंही मला सुचलं नाही.

खाली आल्यावर यांनी दोन्ही टोकं बोटांनी चाचपली. पुन्हा चाचपली. मी शेजारीच उभी होते. यातली लाल कोणती, एवढं विचारलं असतं तरी निभावलं असतं. त्यांनी विचारलं नाही. मीटरच्या पिना टोकांना लावल्या आणि आकडा मला वाचायला सांगितला, जिन्याखाली अंधार आहे म्हणून. मी वाचला, एकशे साठ. आकड्याआधी एक बारीक आडवी रेघ होती. वायरी उलट धरल्या की ती येते, हे मला कुठून माहीत असणार? मी ती वाचलीच नाही.

यांनी वायरी जोडल्या, खटका वर केला. चट् असा आवाज झाला आणि इन्व्हर्टरमधून धूर निघाला. मी यांना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि मग तोंड सोडलं. तीस वर्षांचा मिस्त्री आणि लाल-काळी कळत नाही का, असंही बोलून गेले. हे पायरीवर बसून सगळं ऐकत राहिले.

"गाठ कुठी गेली?" त्यांनी विचारलं.

"मी सोडली. अटकून राह्यली होती."

मग म्हणाले, "मले लाल-काळं समजून नाही राह्यलं. समोर सारं धुकं हाय."

दुकान झाडताना प्रत्येक मोटारीच्या वायरींना मारलेल्या गाठी मी पाहिल्या होत्या. या वयात नवीन खोड लागली म्हणून हसलेही होते. वर्षभर हा माणूस चालू करंटात निव्वळ बोटांच्या भरवशावर हात घालत होता आणि मी सांडलेल्या चहावरून त्याला बोलत होते. मला लाज वाटली, आणि रागही आला, त्यांचा आणि माझाही.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त तू मले दुकान उघडू देलं असतं काय?"

नसतंच उघडू दिलं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. रक्तातल्या साखरेनं डोळ्यांच्या आतला पडदा खराब केला होता. उरलंय ते सांभाळता येईल, गेलं ते परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. येताना एसटीत हे खिडकीशी बसले आणि आर्णी येईपर्यंत बाहेर तोंड करून होते.

घरी आल्यावर म्हणाले, त्या शेतकऱ्याला फोन लाव. मी लावला. काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होते. तब्येत बरी नाही म्हणावं, की थोडे दिवस थांबा म्हणावं? तेवढ्यात यांनी हात पुढे केला आणि फोन मागून घेतला.

"भाऊ, तुमचं काम दुसऱ्याले सांगा. मले आता डोयानं दिसत नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं. हे ऐकत होते. "नाही," म्हणाले, "आता कोनतंच काम नाही." मग फोन माझ्याकडे धरला. बंद करायचं बटण त्यांना सापडत नव्हतं.