चुन्याच्या मशिदी

मध्यभारत राज्य नवं नवं झालं होतं, तेव्हा फ्रीगंजमध्ये आमचं घर बांधायला घेतलं. मिस्त्री साठीचे होते. त्यांचे भाऊ कराचीला गेले, हे इथेच राहिले. का, ते कधी बोलले नाहीत.

रोज सकाळी कालवलेल्या चुन्याचा पहिला गोळा फळीवर घेऊन ते थापीच्या टोकानं वीतभर मशीद उभी करायचे. रोज निराळी. चीनमधली, कडा वर वळलेल्या कौलांची. आफ्रिकेतली मातीची, भिंतीतून लाकडं बाहेर आलेली. "हर साल इन्हीं पे चढके लीपते हैं," ते मला सांगायचे.

स्वतः जवळच्या देवासच्या पुढे गेलेले नव्हते. पण कुणी हजला निघालं की त्याला बजावायचे, तिथे परदेशी भेटेल त्याला विचार, तुझ्या गावच्या मशिदीचं छत कशावर टेकलंय? हाजी परतला की त्याचे खजूर बाजूला ठेवून आधी छताचं ऐकायचे.

सगळ्यांना दाखवून झालं की तोच चुना ते विटांना लावत.

देवघराची भिंत सुरू झाली त्या दिवशी फळी रिकामी होती. माझ्या सोवळ्यातल्या आईनं विचारलं, "मिस्त्री, आज कौनसी?"

"आज नहीं, बाई. भगवान का कमरा है."

आई म्हणाली, "फिर तो सबसे अच्छीवाली बनाओ."

मला वाटलं, तुर्कांची मोठ्या घुमटाची येणार. त्यांनी स्वतःच्या मोहल्ल्यातली केली. बसकी, एका घुमटाची, झिजलेल्या पायऱ्यांसकट.

आरतीला उभा राहिलो की अजून माझी नजर देवांच्या मागच्या भिंतीवर जाते.