रंगाऱ्याची बायको नाचायला जाते

तो रंगारी होता. भिंत खरवडणं, पुट्टी भरणं, पॉलिश पेपरने घासून रोलर फिरवणं, यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. बायको घरी बसून एका कपड्याच्या दुकानाचं काज-बटणाचं काम करायची. सहा वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली आणि तिच्या कमरेखालची ताकद गेली. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, तिला उचलून नेणं त्याच्याकडे आलं. त्याने कधी कुरकुर केली नाही. ‘असा नवरा मिळायला नशीब लागतं,’ असं शेजारणी म्हणायच्या. ते त्याला इतकं आवडायचं, की बरेच दिवस कुणी म्हटलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मग बायकोला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला एक पत्ता दिला. जुन्या गोदामात कुणी एक बाई नाच बसवत होत्या. त्यात दोघं चाकाच्या खुर्चीवरची, एक कुबडीवाला, एक अंध मुलगी आणि बाकीचे धडधाकट.

“तू आणि नाच?” तो हसला.

“बघून तर येऊ,” ती म्हणाली.

गोदामाच्या भिंतीवर मोठं चित्र लावलं होतं. सहा माणसं एकमेकांवर रेललेली, एकाने अंग काढलं तर सगळी कोसळतील अशी. कुणालाच पाय नव्हते. गुडघ्याखाली नुसता पिवळा मातकट रंग. नाच या चित्रावरूनच बसवायचा होता.

“खालचं काम अर्धवट सोडलंय,” रंगारी म्हणाला. “गिऱ्हाइकाने आम्हाला हाकललं असतं.”

नाच बसवणाऱ्या बाई हसल्या. बायको हसली नाही. ती चित्राकडे बघत बसली होती.

दर गुरुवारी आणि रविवारी तो तिला तिथे सोडायचा आणि दाराशी बसून राहायचा. तिच्या जोडीला एका शाळेतला पीटीचा मास्तर होता. उंच, हसतमुख, घामाचा वाससुद्धा न येणारा. तिसऱ्या आठवड्यात मास्तराने तिला खुर्चीतून उचललं, हवेतच फिरवलं, आणि ती मान मागे टाकून खळखळून हसली.

रंगारी दाराशी उठून उभा राहिला. सहा वर्षं तो तिला दिवसातून आठ वेळा उचलत होता. एकदाही ती अशी हसली नव्हती.

घरी आल्यावर त्याने विचारलं, “तो हात कुठे घालतो?”

“पाठीखाली. तुम्ही घालता तिथेच.”

“मग हसायला काय येतं?”

“मजा येते म्हणून हसते.”

त्याला जेवण जाईना. कामावर भिंत घासता घासता मास्तराचे दंड डोळ्यांपुढे यायचे. लोकांच्या हॉलची छतं रंगवताना तो मनातल्या मनात मास्तराशी भांडायचा आणि जिंकायचा. एका रविवारी ‘गाडी मिळत नाही’ म्हणून त्याने तिला नेलंच नाही. त्यापुढच्या गुरुवारी तिने स्वतःच फोन करून गाडी बोलावली. तेव्हा तर त्याचा तिळपापड झाला.

एके दिवशी त्याने ठरवलं, आपणही दाखवू. सकाळी तिला पलंगावरून उचललं, ते खुर्चीत न ठेवता थेट खांद्यापर्यंत नेलं आणि गरकन फिरला.

“अहो, काय करताय? खाली ठेवा,” ती म्हणाली.

खाली ठेवता ठेवता त्याच्या कमरेत कळ आली आणि तो जमिनीवरच बसला. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि दहा दिवस वजन उचलायचं नाही असं बजावलं.

“आता तुझं कसं व्हायचं?” तो आडवा पडून विव्हळत म्हणाला.

तिने पलंगाखालून एक गुळगुळीत फळी काढली. एक टोक गादीवर, एक खुर्चीवर ठेवलं. दोन्ही हातांवर भार घेऊन ती सरकत सरकत खुर्चीत जाऊन बसली. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

“हे कधी शिकलीस?”

“दोन महिने झाले. मास्तरांनी शिकवलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. “तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

त्याला वाईट वाटलंच. तोंड फिरवून तो भिंतीकडे बघत पडला. म्हणजे दोन महिने ती उगीचच त्याच्या गळ्यात हात टाकत होती, त्याचं मन राखायला. मास्तरापेक्षाही त्याला आता त्या फळीचा राग आला.

कार्यक्रम दुपारी होता. पट्टा बांधून तो चौथ्या रांगेत बसला. नाच सुरू झाला तेव्हा कोण खुर्चीवरचं आणि कोण पायांवरचं, हे त्याला काही वेळ कळेना. सगळी एकमेकांवर रेलली होती. मग मास्तर तिच्याकडे पाठ करून मागे रेलला, आणि तिने खुर्चीतूनच त्याचा सगळा भार आपल्या दोन्ही हातांवर तोलून धरला. मास्तराचे पाय जमिनीवरून सुटले. लोक टाळ्या वाजवत होते. रंगाऱ्याने वाजवल्या नाहीत. इतक्या वर्षांत आपण तिच्यावर कधी असा भार टाकलाच नाही, या विचाराने तो जागच्या जागी जळत होता.

परत आल्यावर इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या लागल्या. दहा दिवस कधीच सरले होते, तरी कमर दुखावल्यापासून इथे गाडीवालाच तिला खुर्चीसकट चढवायचा-उतरवायचा. आज त्याने तिला उचललं आणि थबकला.

“वजन कमी केलंस की काय?”

“नाही. आधी मी तुमच्या हातात नुसती पडून राहायचे. आता मीही धरते.”

ते खरं होतं. तिच्या हातांची पकड त्याला मानेवर जाणवत होती आणि कमरेला त्रास होत नव्हता. पण हे तिला दुसऱ्याने शिकवलं, हेही त्याच पायऱ्यांवर त्याला बोचलं. वर पोचल्यावर तो म्हणाला, “पुन्हा एकदा करून बघू या का?” मग ती दोघं त्याच तीन पायऱ्या चार वेळा चढली-उतरली. शेजारणीने दार उघडून पाहिलं आणि काही न बोलता लावून घेतलं.

नाचाचे पुढे आणखी पाच प्रयोग झाले. सगळ्यांना तो गेला. हल्ली गुरुवारी तो दाराशी न बसता आत बसतो, आणि बाईंनी बोलावलं तर उठून कुणाला तरी आधार देतो. मास्तराशी बोलतोही. पण चहा मागवताना तो अजून सगळ्यांना विचारतो आणि मास्तराला मात्र विसरतो.