मरेतावहिनीचे दोन मासे

मरेतावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. जन्मात ती दोनच गोष्टींना भ्यायली, मगरीला आणि लोक काय म्हणतील त्याला. मगर तरी एकदाच खाते.

शाळा आम्हा दोघींचीही लवकर आटोपली. पण आमच्या बेटावर गोडं पाणी कुठे साठतं, कासवं कुठल्या चिखलात निजतात, ते वहिनीलाच विचारावं. दक्षिणेचा पाण्याचा खड्डा माझ्या बापाने खणलेला. टाक्या कोरड्या पडल्या त्या साली सगळं बेट त्यावर जगलं. तो राखायचं काम बाप मेल्यापासून वहिनीकडे.

परवाच्या पावसाळ्याआधी ब्रॉन्विन नावाची शिकलेली पोरगी मुख्य भूमीवरून आली. सभागृहात तिने पडद्यावर आमचं बेट दाखवलं. उत्तरेची दलदल लाल, बाकी हिरवं. समोरच्या पापुआच्या किनाऱ्यावरचा चालणारा मासा लाल भागात शिरला होता. हा मासा कल्ल्यांवर रेटत ओल्या गवतातून सरकतो, पाण्याबाहेर दिवसच्या दिवस जगतो. पाणपक्ष्याने गिळला तर घशात काटे फुलवतो आणि दोघंही मरतात.

“पाणी वाहील तसा तो जाईल,” ब्रॉन्विन म्हणाली. “दक्षिणेच्या खड्ड्यात पोचायला सहा वर्षं लागतील. म्हणून सगळे पिंजरे उत्तरेला लावू.”

लोकांनी माना डोलावल्या. वहिनीने माझं मनगट धरलं, नखं रुतली.

“वन्सं, मला घरी न्या.”

“अगं, चहा यायचाय.”

“चहा गेला खड्ड्यात,” ती म्हणाली, आणि तिचं तोंड राखेसारखं झालं.

घरी येऊन बोलली. माझ्या भावाच्या थडग्यावर दगड बसवला, आणि आमच्या रीतीप्रमाणे त्यावरचं कापड काढून मयताचं जेवण घालायचं होतं तेव्हाची गोष्ट. पापुआचे सोयरे होडीतून आले आणि ओल्या पोत्यात हेच मासे जिवंत, आहेर म्हणून घेऊन आले. आहेर परत करायचा नसतो. शिळा मासा वाढला तर मेलेल्याचा अपमान. जेवणाला चार दिवस होते, म्हणून वहिनीने टोपलीत घालून मासे खड्ड्यात ठेवले. बारा ठेवले, दहा निघाले.

“दोनच तर,” मी म्हटलं.

“मी नि तुमचा भाऊ दोनच होतो, वन्सं. नातवंडं मोजा.”

पाऊस आठवड्यावर आला होता. पावसात तो खड्डा भरून धक्क्याकडे वाहतो, आणि धक्क्यावरून होड्या सगळ्या बेटांना जातात. सांगितलं तर पाणी नासवणारी म्हणून नाव पडणार. न सांगावं तर पिंजरे भलतीकडे. दोन दिवस वहिनी घराबाहेर पडली नाही.

तिसऱ्या दिवशी ती ब्रॉन्विनसमोर जाऊन उभी राहिली. वहिनीचा भाचा कोनाई रेंजर आहे, बेटाचं रान-पाणी राखायची सरकारी नोकरी, तो तिथेच होता.

“पोरी, तुझा मासा पाण्याने जात नाही. तो मयताच्या जेवणाला जातो,” वहिनी म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

“मावशी, हे आधी नाही सांगायचं?” कोनाई म्हणाला.

“आधी तू तरी कुठे रेंजर होतास? लंगोटीत फिरायचास.”

हसली मात्र ती नाही.

पिंजरा खड्ड्यात उतरवला. पहिला दिवस रिकामा, दुसराही. वहिनी काठावर बसून होती, उठवलं तरी उठेना. तिसऱ्या सकाळी कोनाईने दोर ओढला. अंगठ्याएवढे सात मासे, जाळीवर सरसर चढत होते. खालच्या चिखलात एक कासव तोंड वासून मेलेलं, घशात तसलाच मासा अडकलेला. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी सभागृहात ब्रॉन्विनने पडद्यावरचा हिरवा रंग पुसला.

“गेल्या पाच वर्षांत कुणाकुणाकडे असं जेवण झालं, तेवढं सांगा,” ती म्हणाली.

वहिनी तोंडावर पदराच्या जागी टॉवेल धरून बसली होती, आता शिव्या पडणार म्हणून. पण जो तो आपापली टोपली आठवत होता. मग मागच्या बाकावरची एक बाई उठली, मग दुसरी. पाचवी मी उठले.

“माझ्या सासरच्या जेवणालाही पोतंभर आले होते,” मी म्हटलं. “टाकीमागच्या डबक्यात ठेवले होते. परत काढताना मी मोजले नाहीत.”