कोरं लायसन

भित्रा मी कधीच नव्हतो. तोंडाचा फटकळ, डोक्याचा तापट. स्टिअरिंगवर बसलो की समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरायचो. पण त्या सकाळी उरणच्या रस्त्यावर माझी पार गाळण उडाली.

नवी मुंबई तेव्हा नुसती खणली जात होती. मी एका बांधकाम ऑफिसच्या जीपवर टेम्पररी ड्रायव्हर. महिन्याभरात कायम होणार होतो. साहेबांची अट एकच, लायसनच्या पुस्तिकेत एकही शेरा नको. घरी बायकोला सहावा महिना लागलेला. आणि मी शहाणा, गाडी चालवता चालवता बिडी पेटवत होतो. काडी ओढली, नजर खाली गेली आणि धाडकन आवाज झाला.

रस्त्यावर मासळीची पाटी उलटी पडली होती. तिच्या पलीकडे एक म्हातारी कोळीण, डावा हात अंगाखाली मुडपलेला. मी खाली उतरलो. गावातून माणसं धावत आली. आता हे मला जिवंत सोडत नाहीत, असंच वाटलं. पण हात कोणी उगारला नाही. दोघांनी तिला उचलून जीपमध्ये ठेवलं आणि दवाखान्यात चल म्हणाले.

हाताला प्लॅस्टर घालून तिला घरी सोडलं आणि गावकरी मला देवळात घेऊन गेले. गावातलं भांडण असो की अपघात, देवीसमोर मिटवायचं, ही तिथली रीत. म्हातारा पंच म्हणाला, "तू पलाला नाय, तिला दवाखान्यात नेलास. आता नारलावर हात ठेव. ना तू पोलिसात जायचा, ना आमी." मी ठेवला. नागाच्या फण्यावर ठेव म्हणाले असते, तरी ठेवला असता. वाटलं, सुटलो एकदाचा!

ऑफिसात हेडक्लार्कनं चेपलेला बंपर पाहिला, सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, गावानं मिटवलं म्हणून सरकारदरबारी मिटतं का? माणूस जखमी झाला की चोवीस तासांत पोलिसात वर्दी द्यावीच लागते. दडवलंस तर लायसनच जाईल!"

इकडे आड, तिकडे विहीर. वर्दी द्यावी तर देवीची शपथ मोडणार, नाही द्यावी तर नोकरी जाणार. दुसऱ्या दिवशी उजाडताच कोळणीकडे गेलो. ती ओट्यावर बसली होती. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जा, सांग त्यांना. देवीला मी सांगन."

तिथंच उठायला हवं होतं. लाज वाटते सांगायला, पण मी उठलो नाही. म्हटलं, "मावशी, तुमचा जबाब घ्यायला येतील. तुम्हीच एकदम आडव्या आलात, एवढं सांगाल का?"

तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. "बिडी पेटवत व्हतास तू. मी बगितला."

मी मान खाली घातली. मग तिनं विचारलं, "घरा कोन हाय तुज्या?"

"बायको. दिवस गेलेत तिला."

एका हातानं ओट्याला रेटा देऊन ती उठली आणि आत गेली.

मी वर्दी दिली. हवालदार तिच्याकडे जाऊन येईपर्यंत बाकावर बसून होतो. पुस्तिका खिशात होती, ती दहा वेळा चाचपली. बाहेर बूट वाजले की मान वर करायचो. शेवटी तो आला आणि हसला. "सुटलास लेका. म्हातारी म्हणते, चूक तिचीच."

लायसन कोरं राहिलं. मी कायम झालो. त्या रस्त्यानं जायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या ड्रायव्हरला पाठवायचो.

दोन-तीन वर्षांनी वाशीच्या बाजारात गेलो, तर समोर तीच मासळी विकायला बसलेली. मी पाठ फिरवली.

"ए ड्रायव्हर!"

आता ही चारचौघांत बोलणार! मी हळूच वळलो.

"पक्का झालास ना रं कामाला?"

मी मान हलवली.

"आनि लेकरू?"

"मुलगी झाली, मावशी."

"बरा झाला," ती म्हणाली आणि पुढचा मासा तिनं विळीच्या पात्यावर डाव्या मनगटानं रेटला. त्या हाताची बोटं मिटत नव्हती.