होडीचं वय

आमच्या तळ्यावरच्या सेलिंग क्लबानं जुन्या डिंग्यांची, शिडाच्या छोट्या होड्यांची, वेगळी शर्यत ठेवायची ठरवली आणि जुनी म्हणजे नक्की किती जुनी, याचा नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रिटायर्ड इंजिनीअर दिसला की लोकांना हेच सुचतं. मीही हुरळलो.

डायनिंग टेबलवर कागद पसरले. जुनं काय धरायचं? डिझाइन, की लाकूड? डोलकाठी बदललेली चालेल? शिडं तर सगळ्यांचीच नवी! चारदा लिहिलं, चारदा खोडलं. डोक्याचा पार भुगा. शेवटी वैतागून एकच ओळ ठेवली: होडी बांधल्याला किमान तीस वर्षं झालेली हवीत. कमिटीनं ती लगेच मंजूर केली. घरी येऊन ऐटीत सांगितलं, तर बायको म्हणाली, "अहो, मग शेजारच्या बाईंच्या होडीचं काय?"

अरे देवा!

या बाई ऐंशीच्या पुढच्या. शिडाची दोरी कशी धरायची, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या नवऱ्यानं जुन्या ड्रॉइंगवरून गॅरेजमध्ये होडी बांधायला घेतली त्याला पस्तीस वर्षं झाली. नोकरी, मुलं, आजारपण यांतून ती पुरी झाली आठ वर्षांपूर्वी. जुन्या होड्यांबरोबर हिला एकदा तरी पळवायचं, असं तो म्हणायचा. तो गेला. आता बाईंना ते याच उन्हाळ्यात करायचं होतं, कारण पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील याची खात्री नव्हती.

मग हिचं वय कुठून मोजायचं? सुरुवातीपासून धरलं तर होडी बसते, शेवटापासून धरलं तर नाही. त्यात होडीच्या मागच्या फळीवर तारखेची पितळी पट्टी, आणि ती बसवणारा शहाणा मीच! आपल्याकडे नव्या गाडीची करतात तशी मी होडी पाण्यात उतरताना पूजा केली होती. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्या दिवसाची तारीख हौसेनं कोरून आणली. कुणी सांगितलं होतं?

स्क्रूड्रायव्हर घेऊन बाईंकडे गेलो. म्हटलं, "पट्टी काढतो. फॉर्मवर सुरुवातीचं साल लिहू."

त्यांनी पट्टीवर हात ठेवला. "राहू दे. हिच्यात तो एकदाच बसला. त्याच दिवशी."

फॉर्मवर त्यांनी पट्टीवरचीच तारीख लिहिली. फॉर्म तपासणाराही मीच. 'अपात्र' लिहून सही केली, आणि स्वतःचाच इतका राग आला की पेन टेबलावर आपटलं.

शर्यतीच्या दिवशी आम्ही काठावर खुर्च्या टाकून बसलो. भोंगा वाजला तसा बाईंनी सवयीनं दोरी ओढायला हात पुढे केला. दोरी नव्हती. त्यांनी माझा हात धरला.